गच्चीवरचं पावसाचं पाणी कुंड्यांना : ५००० लिटरची टाकी घेऊ का? (सोलापूर)

चाळीसकुंड्या | २२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला आमचं बैठं घर आहे. वर मोकळी गच्ची, २० बाय ३० ची. कुंड्या किती ते नावावरून कळलंच असेल. शिवाय मागच्या परसात कढीपत्ता, लिंबू आणि एक डाळिंब. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते प्यायला-स्वयंपाकाला पुरवून वापरतो. झाडांना बोअर. आणि बोअरचं पाणी इतकं जड, की मोगऱ्याची कुंडी बाहेरून चुन्यानं सारवल्यासारखी दिसते.

परवा वळीव आला तेव्हा सहज गच्चीच्या पाइपाखाली बादली लावली. दुसरी आणायला न्हाणीत जाऊन येईपर्यंत पहिली भरून वाहत होती. मग सहा बादल्या, दोन टब, पिठाचा रिकामा डबा, सगळं भरलं. त्यानंतर उरलेलं पाणी गटारात जाताना बघत उभा राहिलो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

विचार असा आहे : ५००० लिटरची काळी टाकी घ्यायची, दोन्ही पाइप तिच्यात सोडायचे, पावसाळ्यात भरून ठेवायची आणि मार्च ते मे झाडांना द्यायची. कोणी केलंय का? ही म्हणते आधी विचारा, मग अंगण खणा.

गुंठेवारी | २२ मे, रात्री १०.१५

आधी हिशोब. माझा ठोकताळा गुंठ्याचा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे गुंठाभर छपरावर एक मिलीमीटर पडला की १०० लिटर. हे पाठ करून ठेवा, कॅल्क्युलेटर लागत नाही.

तुमची गच्ची ६०० फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. मिलीमीटरला ५५ लिटर. त्यातलं काही गच्ची पिते, काही उडतं, काही पहिल्या धुणीत (गच्ची धुऊन येणारं सुरुवातीचं घाण पाणी) सोडून द्यावं लागतं. हातात ४५ धरा. आपल्या जिल्ह्याची सरासरी ५४५ मिलीमीटरच्या आसपास. वर्षाचे झाले साधारण २४,५०० लिटर. तेव्हा ५००० ची टाकी भरेल का, ही शंकाच नाही. भरेल, चार वेळा भरेल.

अडचण पुढे आहे. मे महिन्यात चाळीस कुंड्या आणि तीन झाडं रोज किती पितात? ८०-९० लिटर धरा. ५००० लिटर जेमतेम दोन महिने पुरतात. आणि त्या दोन महिन्यांसाठी तुम्ही ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत भरलेल्या टाकीला हात न लावता बोअरचंच पाणी घालत बसणार. तिजोरीत पैसे ठेवून उधारीवर किराणा आणण्यातली गत.

शेंगाचटणी | २२ मे, रात्री १०.३१

५००० ची टाकी ठेवणार कुठं ओ? आमच्या गल्लीत एकानं आणली, फाटकातनं आत जाईना. तीन दिवस रस्त्यावर हत्ती बांधल्यागत उभी होती. पोरं आत शिरून लपाछपी खेळायलेली.

अनंतवेडी | २३ मे, सकाळी ७.०५

मी दोन वर्षं करतेय, जुळे सोलापुरात. माझ्याकडे फक्त २०० लिटरचे दोन ड्रम आहेत, तरीही मी सांगेन की करा. पण उन्हाळ्यासाठी नाही.

कारण माझा अनंत. तीन वर्षं बोअरच्या पाण्यावर होता. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या धरायच्या आणि गळायच्या. लोहाचं औषध घातलं, ताक घातलं, गंजके खिळेसुद्धा पुरले (हसू नका). नर्सरीवाल्या काकांनी कुंडीची कड नखानं खरवडून दाखवली, पांढरा खर सुटला. म्हणाले, लोह मातीत आहे हो ताई, पण या चुनखडीत झाडाला ते उचलता येत नाही. आधीच आपली माती चुनखडीची, त्यात बोअर तसलंच.

पहिल्या पावसाळ्यात ड्रमचं पाणी कुंडीला भरपूर दिलं, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आठवड्यातून दोनदा. साठलेले क्षार धुऊन निघाले. ऑगस्टअखेर नवी पालवी हिरवी आली. म्हणून माझ्यासाठी हे पाणी म्हणजे औषध आहे. सगळ्या कुंड्यांना रोज नाही, पण अनंत, गुलाब, कढीपत्ता यांना आधी.

एक चूक सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात, खोल्या गार राहाव्यात म्हणून. मीही मारला होता. जूनच्या पहिल्या सरीला ड्रममध्ये दुधासारखं पाणी आलं आणि मी आनंदानं तेच अनंताला घातलं! ज्या रोगावर औषध करत होते तोच पाजला. चुना मारला असेल तर पहिले दोन-तीन चांगले पाऊस सरळ गटारात सोडा.

चाळीसकुंड्या | २३ मे, दुपारी १.२०

चुना मारलाय. दोन हात. बरं झालं सांगितलंत.

गुंठेवारी, तुमचा हिशोब हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी हेच म्हणत होते." ती हे म्हणत नव्हती, पण असो. मग किती मोठी घेऊ? आणि वापरलेले निळे ड्रम स्वस्त मिळतात असं ऐकतो, ते चालतील का?

रंगारी | २३ मे, रात्री ८.५०

ड्रमबद्दल मी बोलतो, माझी हयात डाइंगमध्ये गेली. सोलापुरात निळा ड्रम भंगारात कुठून येतो? बराचसा आमच्याकडून. चादर-टॉवेलचं सूत रंगवायला जी रसायनं लागतात ती त्यातून येतात. रिकामा ड्रम भंगारवाला उचलतो, पाण्याचा फवारा मारून दारात उभा करतो. तुम्हाला दिसतो चकचकीत.

तेव्हा लेबल नसलेला ड्रम घेऊ नका. लेबल खरवडून काढलेला तर मुळीच नको. झाकण उघडून नाक लावा, आंबूस किंवा झोंबणारा वास आला तर पुढचा. आतल्या बाजूला ओला पांढरा फडका फिरवा. गुलाबी, निळा, कसलाही रंग उतरला तर तो ड्रम झाडाच्या कामाचा नाही. जाळीच्या पिंजऱ्यातली हजार लिटरची पांढरी टाकी मिळते तिलाही हेच लागू. खाण्याच्या मालाचा ड्रम मिळाला तर उत्तम, खाद्यतेलाचा, साखरेच्या पाकाचा. तेलकटपणा गरम पाणी आणि सोड्यानं जातो.

आणि पांढरी टाकी उन्हात ठेवली तर पंधरा दिवसांत आत शेवाळ. उजेड लागला की येणारच. काळा रंग द्या, नाहीतर जुनी चादर गुंडाळा. आपल्याकडे चादरींना काय तोटा.

डाळिंबबाग | २३ मे, रात्री ९.३०

सांगोला. टाकीला ठिबक जोडायचा विचार असेल तर आधीच सांगतो, दोन फूट उंचीच्या टाकीवर शेतातलं ठिबक चालत नाही. त्याला एक किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे पाण्याची दहा मीटर उंची. नळाला पाइप लावला तरी धार करंगळीएवढी. झारीच बरी. झारीनं झाड जवळून बघितलंही जातं, कीड वेळेवर दिसते.

बाळ्याची मावशी | २४ मे, सकाळी ६.१०

तुम्ही सगळे नवीन काही शोधल्यासारखं बोलताय म्हणून लिहिते. माझं माहेर बार्शीकडचं, माळवदाचं घर. माळवद म्हणजे मातीचं धाबं, त्याला पन्हाळ. पहिला पाऊस माळवद धुऊन जाऊ द्यायचा, गढूळ पाणी अंगणात. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाला आजी पन्हाळीखाली तांब्याचं घंगाळ लावायची, वर धोतराची चौपदरी घडी. ते पाणी तुरीच्या डाळीला. विहिरीच्या पाण्यात डाळ दोन-दोन तास शिजायची नाही, दाणा दाणा वेगळा. पावसाच्या पाण्यात बघता बघता मेण व्हायची. पाहुणे आले की आजी विचारायची, "घंगाळातलं आहे का गं?"

चाळीसकुंड्या, तू डाळ शिजवून बघ एकदा.

शेंगाचटणी | २४ मे, सकाळी ८.००

मावशी, +१. आणि त्या डाळीबरोबर कडक भाकरी, वर आमचं नाव.

ओळंबा | २४ मे, रात्री १०.४५

बांधकामातला माणूस आहे, म्हणून टाकी बसवण्यावर लिहितो. या भागात कोणी बोलत नाही आणि नुकसान इथेच होतं.

हजार लिटर म्हणजे एक टन. गॅलरीत, छज्ज्यावर, गच्चीच्या कठड्याला टेकवून वगैरे ठेवू नका. जमिनीवरच. आणि तुमच्या परसात काळी माती असेल (विजापूर रोडला बऱ्याच ठिकाणी आहे) तर तिच्यावर नुसत्या विटा मांडून टाकी चढवू नका. आत्ता मेमध्ये ती दगडासारखी कडक आहे, भेगांत हात जातो. जूनमध्ये पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. फूट-दीड फूट माती काढा, मुरूम भरा, थर थर पाणी मारून धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा), वर चार इंच काँक्रीट. मग विटांचा ओटा, झारी नळाखाली बसेल इतका उंच.

दुसरं, टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी जायचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड ठेवा. लोक तीन इंची आत घेतात आणि बाहेर एक इंची. वळवाच्या सरीत झाकण उचलून पाणी चौफेर. आणि ते पाणी ओट्याच्या किंवा घराच्या पायथ्याशी सोडू नका. काळ्या मातीत पाया एका बाजूनं भिजला की भिंतीला तिरकी चीर आलीच म्हणून समजा. लांब न्या, लिंबाच्या आळ्यात सोडा.

गुंठेवारी | २५ मे, सकाळी ९.१०

ओळंबांशी शंभर टक्के सहमत.

मापाचं म्हणाल तर हजार लिटर घ्या आणि मागचा एकच पाइप जोडा. अर्धी गच्ची मिळाली तरी पुरे. पहिली धुणी टाळायला लोक चार इंची पाइपाचा तीन-चार फुटी उभा तुकडा खाली लटकवतात आणि झालं म्हणतात. चार इंची पाइपात फुटाला अडीच लिटरसुद्धा मावत नाही. चार फूट म्हणजे दहा लिटर. तुमच्या अर्ध्या गच्चीचा पहिला मिलीमीटर सोडायचा तर २८ लिटर हवेत. त्यापेक्षा टी (तीन तोंडांचा जोड) लावून खाली तीस लिटरचा मोठा कॅन जोडा. तो भरला की पाणी आपोआप टाकीकडे वळतं. तळाला सुईएवढं भोक ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत रिकामा होतो.

मी स्वतः याहून आळशी आहे. टाकीच्या तोंडावरचा एल्बो (पाइपाचा वाकडा जोड) सोल्यूशन न लावता नुसता बसवलाय. पाऊस सुरू झाला की गटाराकडे, दहा मिनिटांनी छत्री घेऊन जातो आणि टाकीकडे फिरवतो. घरी नसलो तर तो पाऊस गेला.

आशाताई_नाही | २५ मे, दुपारी ३.३०

आरोग्य खात्यात होते, म्हणून डासांचं सांगते. डेंगीचा डास गटारात नाही, तुमच्या या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, काथ्यानं घासावा लागतो. दर आठवड्याला एक दिवस.

मोठी टाकी दर आठवड्याला कोण रिकामी करणार? मग तोंड बंद ठेवा. झाकण घट्ट, आत येणाऱ्या पाइपाला बारीक जाळी, आणि जास्तीचं पाणी जाणाऱ्या पाइपालासुद्धा. हा दुसरा पाइप शंभरातले नव्वद लोक विसरतात. मी घरोघर बॅटरी मारून बघत होते, वर तीन जाळ्या आणि खालून डासांना सरळ राजरस्ता. गप्पी मासे हौदाला ठीक आहेत. बागेच्या ड्रममध्ये सोडू नका, पाणी तळाला गेलं की बिचारे उकडून मरतात.

चाळीसकुंड्या | १९ जून, रात्री ११.५५

मंडळी, कबुलीजबाब आहे.

हजार लिटरची काळी टाकी आणली. मागचा पाइप जोडला. टी, कॅन, जाळ्या, सगळं केलं. प्लंबर मोठा हौशी होता, कॅनला भोक पाडायला लोखंडी पाइप गॅसवर लाल करून घेतला. घरभर प्लॅस्टिकचा धूर आणि ही माझ्याकडे बघतेय.

फक्त खणलं नाही. ओळंबांचं वाचलं होतं, पण जमीन इतकी कडक होती की पहारीच्या तिसऱ्या घावाला खांदा गेला. म्हटलं, शहाबादी फरशी अंथरू, वर विटा. फरशी म्हणजे काय काँक्रीटच की.

मृगाच्या दोन पावसांत टाकी भरली. काय तो आनंद, मी तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. परवा रात्री तिसरा पाऊस, दणकून. जास्तीच्या पाण्याचा पाइप लिंबापर्यंत न्यायचा राहिला होता, ते पाणी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यातच पडत होतं. रात्री दीडच्या सुमारास 'कट्' असा आवाज आला. आधी वाटलं फांदी मोडली. बॅटरी घेऊन गेलो तर टाकी भिंतीला खांदा लावून उभी, दारुड्यासारखी. उजवीकडची फरशी चांगली चार बोटं खाली गेलेली आणि नळाचं निपल तडकून पाण्याची धार थेट माझ्या स्कूटरच्या सीटवर. मी पावसात बोटानं भोक दाबून उभा. ही छत्री धरून. छत्री स्वतःवर.

टाकी फुटली नाही, एवढंच. पाणी रात्रभर गेलं.

ओळंबा | २० जून, सकाळी ६.३०

भिंतीवर पडली म्हणून वाचलात. दुसऱ्या बाजूला पडली असती तर एक टन अंगावर होता. आता ओल आहे, खणायला सोपं जाईल. आजच खणा.

शेंगाचटणी | २० जून, सकाळी ९.१२

बोटानं भोक दाबून किती वेळ उभा होता ओ? बघायला पाहिजे होतं बे!

चाळीसकुंड्या | ३१ जुलै, रात्री ९.२०

खणलं, मुरूम भरला, काँक्रीट केलं. गवंड्याचे दोन दिवस आणि माझे साडेचार हजार. टाकीहून ओट्याचीच कौतुकं जास्त चाललीत.

पण लिहायचं कारण वेगळं. १२ जुलैला टाकी काठोकाठ होती. त्यानंतर पावसानं जी ओढ दिली ती अजून आहे. रोज ढग, रोज वारा, गच्ची कोरडी. अशी उघडीप दर वर्षी पडते, पण मी कधी मोजली नव्हती. आज एकोणीस दिवस झाले. रोज चार झाऱ्या, चाळीस-पंचेचाळीस लिटर. टाकी आत्ता तळाशी आलीय, वीतभर पाणी असेल. एकोणीस दिवस बोअरची मोटर झाडांसाठी लावलेली नाही.

गुंठेवारी, तुमचं आता डोक्यात शिरलं. मी मेसाठी टाकी घ्यायला निघालो होतो आणि तिची गरज भर पावसाळ्यात होती.

गुंठेवारी | १ ऑगस्ट, सकाळी ८.४०

आपला पाऊस खरा सप्टेंबरचा. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा, हस्त म्हणजे आपला हत्ती. कोकणातला माणूस जूनमध्ये भरतो, आपण तोवर सरी वेचायच्या. हजार लिटर म्हणजे साधारण वीस दिवसांचा पूल, एका पावसापासून पुढच्या पावसापर्यंत. हत्तीच्या पावसात शेवटची भरली की अनंत, गुलाबासारख्या लाडक्यांना थोडं थोडं देत संक्रांतीपर्यंत पुरवता येते. गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाऊन आलात की संपली.

आणि पाऊस मोजा. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा गच्चीच्या मधोमध ठेवा, सकाळी पट्टी बुडवून वाचा. पेपरातला आकडा तुमच्या गच्चीचा नसतो. होटगी रोडला कोसळतो तेव्हा बाळ्यात धूळ उडत असते.

अनंतवेडी | १ ऑगस्ट, सकाळी १०.००

मोगऱ्याच्या कुंडीचं काय झालं? पांढरं कमी झालं का?

चाळीसकुंड्या | १ ऑगस्ट, रात्री ९.०५

बाहेरचा थर तसाच, तो ब्रशनं घासला तरच जातो. पण वर मातीवर जी खपली धरायची ती यंदा नाही. कढीपत्त्याची नवी पानं मात्र गडद, हातात चुरली तर वास दुपारपर्यंत राहतो.

नवीनच | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

धागा वर काढतोय. टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर? बोअरही भरेल.

ओळंबा | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

थेट नको. गच्चीवरची घाण गाळल्याशिवाय खाली गेली तर ती परत वर काढता येत नाही. बोअरभोवती खड्डा, दगड-खडी-वाळूचे थर, केसिंगला (बोअरच्या आत बसवलेल्या पाइपाला) बारीक भोकं आणि जाळी, असं रीतसर करा. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

चाळीसकुंड्या | ९ ऑक्टोबर, रात्री १०.१०

हत्तीनं हात दिला. डब्यात एका रात्रीत ६१ मिलीमीटर. टाकी भरून पाणी लिंबाच्या आळ्यात, आळं भरून डाळिंबाकडे. ओटा जागचा हलला नाही, मी रात्री तीनदा उठून बघून आलो.

बाळ्याची मावशी | १० ऑक्टोबर, सकाळी ६.०५

सगळं सांगितलंस, डाळीचं नाही सांगितलंस.

चाळीसकुंड्या | १० ऑक्टोबर, सकाळी ८.२०

मावशी, हिला विचारलं. म्हणाली, आपल्या गच्चीवर कबुतरं किती आहेत ते मावशींना सांगा.

बाळ्याची मावशी | १० ऑक्टोबर, सकाळी ८.४५

मग घंगाळ पाइपाखाली कशाला लावतोस? अंगणात मधोमध ठेव, आभाळाखाली. वर धोतर.